कधी पाण्यात न गेलेलं वल्हं

मित्रांनो, मी एक जुनं वल्हं आहे. हातभर लांब, पांढऱ्या पाइनच्या लाकडाचं. वल्हं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे होडी येईल, पाणी येईल, पाण्यावर पसरत जाणारी वर्तुळं येतील. माझ्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. मी जन्मभर टेबलावर पडून राहिलो, आणि तरीही मोठमोठी जहाजं जागच्या जागी थांबवली. त्यांतलं एक थांबवायला नको होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

पिंकहॅम बंदरात ॲसाहेल पाइकची गोदी होती. तिथे माझा जन्म झाला. ॲसाहेल दुसऱ्यांची जहाजं बांधायचा. त्या वर्षी मात्र त्याने स्वतःसाठी एक गलबत बांधायला घेतलं होतं. दोन डोलकाठ्यांचं, निमुळत्या नाकाचं. त्याचं नाव त्याने ठेवलं 'पेशन्स', म्हणजे सबुरी.

त्याची बायको कझाया दारातून म्हणाली, "बरं केलंस. माणसात नाही ती निदान लाकडात तरी असू दे."

त्याच आठवड्यात कझायाच्या धाकट्या भावाला, जोथम व्हीलॉकला, राजधानीहून कागद आला. देशाचं नवं सरकार, नवी न्यायालयं. आणि आमच्या जिल्ह्याचा न्यायाधीश म्हणून जोथमची नेमणूक, ती सुद्धा तहहयात. वय अवघं तेहतीस. आई गेल्यावर कझायानेच त्याला वाढवलेलं. न्यायाधीश झाला तरी त्याच्या कोटाची बटणं तीच शिवून द्यायची.

जहाजांचे खटले चालतात त्या न्यायालयात टेबलावर चांदीचं वल्हं ठेवायची जुनी रीत आहे. पण आमच्या बंदरात चांदी कुठली? जोथम गोदीत येऊन हे सांगू लागला, तेव्हा ॲसाहेलने 'पेशन्स'च्या डोलकाठीतून उरलेला तुकडा उचलला आणि खिशातला चाकू उघडला.

"चांदीचं नसेल," तो म्हणाला, "पण खोटंही नसेल."

तीन दिवसांत त्याने मला कोरलं, घासलं, पांढरा रंग दिला. मुठीच्या टोकाला नखाएवढा एक समुद्रपक्षी काढला. आपल्या हातच्या प्रत्येक वस्तूवर तो असा पक्षी काढायचा. तीच त्याची सही. 'पेशन्स'च्या डोलकाठीवरही तस्साच पक्षी होता. एका झाडाची आम्ही दोन लेकरं. ती समुद्रावर गेली, मी न्यायालयात आलो.

न्यायालय म्हणजे विधवा टिबेट्सबाईंच्या खाणावळीचा वरचा मजला. खालच्या कॉड माशाच्या कालवणाचा आणि कांद्याचा वास फळ्यांच्या फटींतून थेट कायद्याच्या पुस्तकांत शिरायचा. वकिलांची भाषणं लांबली की जिन्याखालून हाक यायची.

"साहेब, कालवण गार होतंय! कुणाला फाशी द्यायची असेल ती द्या आणि खाली या."

"इथे फाशी देत नाहीत, टिबेट्सबाई."

"मग इतका वेळ करता तरी काय?"

माझं काम सोपं होतं. एखाद्या जहाजावर खटला झाला की न्यायालयाचे हुकूम बजावणारा मार्शल ओबेड क्रॅम मला काखेत मारून धक्क्यावर जायचा, जहाजावर चढायचा, डोलकाठीला मला टेकवायचा आणि तिथेच हुकमाचा कागद खिळ्याने ठोकायचा. बस. तेवढ्याने शंभर माणसांनी ओढून न थांबणारं जहाज थांबायचं. निकाल लागेपर्यंत त्याला दोर सोडायची मुभा नसे. खलाशी माझ्याकडे बघून टोपी काढायचे. कप्तान बघून थुंकायचे.

मित्रांनो, आमचे न्यायाधीश तरुण होते तेव्हा फार गोड माणूस होते. एकदा प्राइमस नावाचा एक काळा आचारी खलाशी न्यायालयात आला. बिस्किटांत अळ्या आहेत एवढंच तो बोलला होता आणि त्यासाठी कप्तानाने त्याच्या पाठीची साल काढली होती. कप्तान म्हणाला, बिस्किटं उत्तम होती. प्राइमसने खिशातून एक बिस्किट काढून टेबलावर ठेवलं, अगदी माझ्या शेजारी. ते आपोआप थोडंसं सरकलं.

न्यायाधीश म्हणाले, "कप्तान, उत्तम आहे ना? मग खा."

"इथे?"

"खाली टिबेट्सबाई आहेत. कालवण बरोबर हवं असेल तर मागवतो."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. बिस्किट काही कुणी खाल्लं नाही. प्राइमस जिंकला, आणि त्याच भरतीला सुटणाऱ्या दुसऱ्या जहाजावर त्याला कामही मिळालं.

भरतीचीच तर सारी गोष्ट आहे. खलाशी म्हणजे पाण्यावरची माणसं. आज इथे, उद्या जगाच्या टोकाला. खटला लांबला तर त्याचं जहाज निघून जाणार, साक्षीदार निघून जाणार. म्हणून न्यायाधीशांनी स्वतःला एक नियम घालून घेतला: ज्या भरतीला खटला उभा राहील, तिची ओहोटी लागायच्या आत निकाल. ओबेड खिडकीत उभा राहून पाण्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पाणी वळतंय, साहेब." की न्यायाधीशांनी लेखणी उचललीच. साऱ्या किनाऱ्यावर त्यांचं नाव झालं. आणि न्यायालयाच्या प्रत्येक दिवशी कझाया फडक्यात गुंडाळलेली मक्याची गरम भाकरी पाठवायची. निकाल झाला की ते ती मोडून खायचे. चुरा माझ्यावर सांडायचा. माझ्या आयुष्यातला तोच सणवार.

अशी एकोणीस वर्षं गेली.

मग बंदीचा कायदा आला. दूरच्या देशांत लढाई पेटली होती, आणि आपल्या सरकारने ठरवलं की आपलं एकही जहाज परमुलखात जाणार नाही. धक्क्यावर जहाजं कुजू लागली. डोलकाठ्यांवर समुद्रपक्ष्यांनी घरटी केली. उत्तरेला खाडीपलीकडे परक्यांची सीमा होती. रात्री-बेरात्री लोक पिठाची पिंपं पलीकडे नेऊन विकायचे, पकडले जायचे. रोज एक जहाज. रोज मी ओबेडच्या काखेत. ज्या हातांनी टोप्या काढल्या होत्या, तेच हात आता मला पाहून मुठी वळायचे.

"तुझं ते लाकूड चुलीत घाल, ओबेड!"

"घालतो. आधी तू सरपण फोडून दे," ओबेड म्हणायचा, पण त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

हिवाळ्याच्या तोंडाला एका धुक्याच्या सकाळी सीमेजवळ एक गलबत पकडलं गेलं. आत पिठाची चाळीस पिंपं. ओबेड मला घेऊन निघाला तेव्हा कुणाचं ते मला ठाऊक नव्हतं. डोलकाठीला टेकवलं आणि माझ्या अंगातून कळ गेली. तोच वास. तीच लाकडातल्या रेषांची वळणं. समोर नखाएवढा पक्षी. मित्रांनो, माझ्या बहिणीच्या छातीवर मीच तो खिळा मारायला लावला.

जहाजांच्या खटल्यात पंच नसतात. निकाल एकट्या न्यायाधीशाचा. खटला उभा राहिला तो पौष-माघासारख्या कडाक्यात. खिडक्यांच्या काचांवर बर्फाची फुलं उमटली होती. हॉल खचाखच भरला होता. कझाया शेवटच्या बाकावर बसली होती. समोर नवरा, वर भाऊ.

ॲसाहेल म्हणाला, "पीठ सीमेपलीकडे जात नव्हतं. ड्रेक बेटावर जात होतं. आपल्याच बेटावर. तिथल्या डॉर्कस बीनने मागवलं होतं, हिवाळ्याची बेगमी म्हणून. धुक्यात मी भरकटलो."

"साक्षीला कोण आहे?"

"डॉर्कसच. दुसरं कोण असणार? पण बेटाभोवतीची खाडी गोठलीय. बर्फ फुटल्याशिवाय तिला येता येणार नाही, आणि इथून कुणाला जाता येणार नाही."

"म्हणजे वसंतापर्यंत थांबायचं."

"थांबायचं."

मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "थांबणार, थांबणार! मेव्हण्यासाठी समुद्रसुद्धा थांबेल!" आणि सारा हॉल हसला. बिस्किटाच्या दिवशीचं हसू वेगळं होतं. हे हसू दात काढून चावणारं होतं. महिनाभर ज्यांची जहाजं गेली होती ती माणसं हसत होती, आणि त्यांतल्या एकासाठीही भरती थांबली नव्हती.

न्यायाधीशांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

ॲसाहेल दोन पावलं पुढे आला. आवाज खाली आणून, जसा गोदीत बोलायचा तसा बोलला. "जोथम, माझ्यावर विश्वास ठेव म्हणत नाही मी. नको ठेवूस. नुसता थांब."

खिडकीतून ओबेड म्हणाला, "पाणी वळतंय, साहेब." इतक्या हळू म्हणाला की ऐकू जाऊ नये अशीच त्याची इच्छा असावी.

पण ऐकू गेलं. लेखणी उचलली गेली. गलबत 'पेशन्स' सरकारजमा, लिलावात विकावं.

त्या दिवशी भाकरी आली होती. फडकं कुणी सोडलंच नाही.

गलबत दक्षिणेकडच्या एका व्यापाऱ्याने घेतलं. वसंताच्या आरंभी बंदीचा कायदा उठला आणि नवा मालक तिला ऊसमळ्यांच्या बेटांकडे न्यायला निघाला. ॲसाहेलने तिच्यावरच सुतार म्हणून नाव लिहिलं. स्वतःच्या गलबतावर चाकर. कझायाने त्याचा हात धरला, तेव्हा तो म्हणाला, "तिच्या तळाच्या कोणत्या फळ्या रडतात ते नव्या माणसाला काय ठाऊक? मी असलो तर तरेल." हे सारं ओबेडने पुढे जिन्यात टिबेट्सबाईंना सांगितलं, तेव्हा मी त्याच्या काखेत होतो.

तीन आठवड्यांनी बर्फ फुटलं.

न्यायालयात कुठलासा खटला चालू असताना एक म्हातारी जिना चढून वर आली. हाडांवर शाल टाकावी तशी दिसत होती. तिला खटल्याबिटल्याचं काही ठाऊक नव्हतं. सरळ टेबलापाशी आली.

"ॲसाहेल पाइक कुठे असतो? घराला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं इथे विचारा."

"आपण कोण, बाई?"

"डॉर्कस बीन. ड्रेक बेटावरची. त्याने आमचं पीठ आणायचं कबूल केलं होतं. आला नाही. असा माणूस नाही हो तो, काय झालं त्याला?"

न्यायाधीशांनी विचारलं, "पीठ... सीमेपलीकडे जायचं नव्हतं?"

"सीमेपलीकडे आमचं कोण आहे, बाबा? माझ्या दारात यायचं होतं." तिने शाल आवळली. "पाच जणं गेली आमची. शेवटी शेवटी उकडलेलं शेवाळ खात होतो. बर्फातच ठेवलंय त्यांना. आता जमीन मऊ झाली की पुरू."

न्यायाधीशांचा हात पुढे आला आणि माझ्यावर पडला. तो थंड होता. बोटं चाचपडत मुठीकडे गेली, पक्ष्यावर थांबली.

त्यानंतर त्यांनी बंदराबंदराला पत्रं लिहिली: गलबत 'पेशन्स' जिथे भेटेल तिथे तिच्या सुताराला कळवा, निकाल फिरवला आहे, परत या. एकाच पत्राला उत्तर आलं. वादळानंतर त्या नावाचं गलबत कुणी पाहिलेलं नाही.

ते बहिणीच्या घरी गेले. कझायाने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आवाज न करता दार लावून घेतलं. परत येऊन ते ओबेडला म्हणाले, "आदळलं असतं तर बरं झालं असतं रे."

भाकरी बंद झाली. कोटाचं एक बटण त्या वर्षी तुटलं, ते तसंच राहिलं.

तेव्हापासून आमच्या न्यायालयाची रीत पालटली. निकालाआधी न्यायाधीश जिन्याकडचं दार सताड उघडायला सांगायचे आणि विचारायचे, "कोणी यायचं राहिलंय का?" मग एक अख्खी भरती दार उघडं राहायचं. थंडी, वारा, हिम, काहीही असो. वकील दातांनी ताल धरायचे.

"या न्यायालयात वकिली करायची तर कायदा कमी आला तरी चालेल," ते एकमेकांना म्हणायचे, "पण लोकरीचे सदरे दोन हवेत."

थांबण्याने काही माणसं वाचलीही. उशिरा पोचलेली एक आई, लंगडत आलेला एक साक्षीदार. पण गावाची पोरं एकदा जे गाणं शिकली ते विसरली नाहीत. खिडकीखाली दोरीवरून उड्या मारत म्हणायची:

भरती आली गं बाई, ओहोटी लागली,
वाट कुणाची दादाने नाही पाहिली.
आता उघडं दार, आत शिरतो वारा,
गेलं गलबत दूर, कुठे शोधू किनारा?

न्यायाधीश ऐकायचे. खिडकी लावा असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

अठरा वर्षं गेली. त्यांचे डोळे गेले. ओबेड कागद वाचून दाखवायचा. त्यालाही आता भिंगं लागायची. वकिलांनी राजधानीला अर्ज केले: न्यायाधीश म्हातारे झालेत, खटले रखडतात, त्यांनी पद सोडावं. पद तहहयात होतं. कुणी काढू शकत नव्हतं. ते स्वतःही सोडत नव्हते.

ओबेड एकदा न राहवून म्हणाला, "साहेब, आता पुरे. किती वर्षं दार उघडं ठेवायचं?"

"एक जण यायचा राहिलाय, ओबेड."

ओबेडने मान वळवली. त्या रविवारी तो मला पुसत होता तेव्हा पुटपुटला, "आजवर हुकमाशिवाय कुणाला बोलवायला गेलो नाही. उद्या जाणार."

दुसऱ्या दिवशी दोन मासेमारी होड्यांच्या टकरीचा साधासा खटला होता. बाहेर हिम पडत होतं. निकालाची वेळ झाली. दार उघडलं. अंध डोळे जिन्याकडे वळवून न्यायाधीशांनी विचारलं, "कोणी यायचं राहिलंय का?"

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत.

"राहिलाय," दारातून आवाज आला.

त्यांचा हात माझ्यावर होता. "ताई?"

सत्तरी ओलांडलेली कझाया आत आली. डोक्यावरच्या शालीवर हिम होतं. हॉलमधल्या कुणाकडे तिने पाहिलं नाही.

"राहिलाय एक जण," ती म्हणाली. "पण तो यायचा नाही, जोथम. तुलाही ठाऊक आहे, मलाही. अठरा वर्षं मी माझ्या दारात बसलेय आणि तू तुझ्या. त्या एका माणसासाठी दोन दारं कशाला?"

ते उठायला गेले. टेबल लागलं, खुर्ची पडली. "ताई, मला माफ..."

"ते नको विचारूस. ते माझ्याजवळ असतं तर कधीच देऊन टाकलं असतं." तिने शालीवरचं हिम झटकलं. "दार लाव आता. गारठा येतोय आत."

त्यांना दार दिसत नव्हतं. तिनेच जाऊन लावलं. मग शालीखालून फडक्यातलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. मला ऊब लागली. अठरा वर्षांनी मला तो वास आला.

"गरम आहे तोवर खा," ती म्हणाली.

निकाल त्यांनी दिला, आणि त्याच कागदाखाली दुसरा कागद ओबेडकडून लिहून घेतला: मी पद सोडत आहे. कझाया निघताना माझ्यापाशी थांबली. अंगठ्याने मुठीवरचा पक्षी चाचपला. ओबेड म्हणाला, "घेऊन जा की, बाईसाहेब. तुमच्याच माणसाच्या हातचं आहे."

"नको," ती म्हणाली. "पुढच्याला लागेल."

पुढच्याला मी लागलो नाही, मित्रांनो. नवं न्यायालय दगडी झालं. चांदीचा मुलामा दिलेलं वल्हं आलं. न्यायाधीश त्याच वसंतात गेले, कझाया पुढच्या हिवाळ्यात. मी माळ्यावर धूळ खात पडलो. मग कुणी कारकुनाने वर सरकवलेली खिडकी खाली पडू नये म्हणून मला तिच्या चौकटीत अडकवलं. कित्येक वर्षं मी खिडकीला टेकू होतो. वाईट नाही वाटलं; निदान काहीतरी उघडं ठेवायच्या कामी आलो. रंग उडाला, अंगाला चीर गेली. आता संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी आहे: 'लाकडी वल्हं, जुनं, शोभेचं.'

शोभेचं! ज्याला पाहून जहाजं थांबत होती ते शोभेचं. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याने कुणाला विचारलं नाही, एवढंच.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी, शाळेत, मैदानात रोज लहान लहान निकाल होतात. याने चोरलं, ती खोटं बोलली, त्याला खेळायला घेऊ नका. तोंडातून शब्द सुटायच्या आधी एकदा दार उघडा. कोण यायचं राहिलंय ते बघा. लोक हसतील. हसू द्या. ते हसू संध्याकाळपर्यंत विरतं. घाईने दिलेला शब्द अठरा वर्षं टेबलावर बसून राहतो. आणि जुन्या वस्तूंना फेकण्याआधी उलटून बघा. एखाद्या मुठीवर नखाएवढा पक्षी असतो.

भरतीला हवेत दमटपणा येतो, तेव्हा माझं लाकूड अजून जरासं फुगतं आणि चीर मिटते. ओहोटीला पुन्हा उघडते. पाण्यात कधी गेलो नाही, पण पाण्याची वेळ मला कळते.

संध्याकाळी इथली झाडलोट करणारी बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन येते. तिला न्यायाधीश ठाऊक नाहीत, 'पेशन्स' ठाऊक नाही. दाराशी उभी राहून ती रिकाम्या दालनात नुसती हाक देते, "कोणी राहिलंय का हो आत?"

क्षणभर थांबते. खरंच थांबते. मगच दार लावते.